हाव

आकांक्षाचा मला राग येत नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, राग दोन दिवसांत उतरतो. मला तिचा हेवा वाटतो. तो उतरत तर नाहीच, उलट रोज सकाळी चांदूर रेल्वे गावाहून तिची गाडी आली की चढायचा.

आमचं ऑफिस अमरावतीला, राजापेठेत, एका शिकवणी वर्गाच्या डोक्यावर. खाली पोरं पाठांतर करतात, वर आम्ही पतंग मोजतो. कपाशीच्या शेतांत आमच्या संस्थेने सापळे लावलेत. त्यांत बोंडअळीचे पतंग अडकतात. गावातली माणसं ते मोजून तालुक्याच्या केंद्राला फोनवर सांगतात, केंद्रावरची बाई आकडा संगणकात भरते, आणि आकडा वाढला की त्या गावातल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सावध राहण्याचा निरोप जातो. गुलाबी अळीने सगळ्या वऱ्हाडाच्या तोंडचं पाणी पळवलं, त्या सालची ही गोष्ट. संस्था उत्तमरावांची. ते शेती खात्यातून निवृत्त झालेले. पण आकडे भरायचा प्रोग्राम माझा, या नाजियाचा. प्रोग्राम लिहायची ती भाषा, पायथन, मला कोणी शिकवली नाही. नेट कॅफेतल्या संगणकावर बसून, पोराला मांडीवर घेऊन शिकले मी ती.

केंद्रांवरचे संगणक देणगीत आलेले, म्हणजे लोकांनी टाकून दिलेले. त्यांच्यावर चित्रंबित्रं काही उघडत नाहीत, म्हणून सगळं काम काळ्या पडद्यावर. पडदा एक प्रश्न विचारतो आणि थांबतो. आपण उत्तर टाइप करायचं, एंटर दाबायचं, की पुढचा प्रश्न. त्या पडद्यावर वेलांट्या तुटतात, त्यामुळे मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची. असे ढीगभर प्रश्न मी लिहिले. प्रत्येक प्रोग्रामात, प्रत्येक वेळी नव्याने. आणि भाषा अगदी शुद्ध. ‘कृपया ग्रामनाम प्रविष्ट करा.’ उर्दू शाळेत शिकलेली बाई असं मराठी लिहिते म्हणून उत्तमरावांनी पहिल्याच दिवशी माझी पाठ थोपटली होती. मग मी कशाला सोडते? जिथे ‘लिहा’ चाललं असतं तिथेही मी ‘प्रविष्ट करा’ घातलं.

दर्यापूरच्या केंद्रावर आशाबाई. पन्नाशीची, चष्मा दोरीने बांधलेला, टाइप करताना एक बोट वापरणारी.

“नाजियाबाई, हे प्रविष्ट म्हन्जे काय करू?”

“गावाचं नाव लिवा, आशाबाई.”

“मंग तसं म्हनाव नं त्यानं! काहून एवढं लाजून राहिलं थे?”

दिवसभर त्यांचा फोन. “बाई, थो पुसापुशीचा प्रश्न आला पाय.” मी म्हणायचे, “n दाबा.” “दाबलं.” मग गुडघा कसा आहे, सून काय म्हणते, शेजारणीची म्हैस किती दूध देते, सगळं निघायचं. इतर केंद्रांचंही तसंच. माझा फोन कानाला चिकटलेला असायचा आणि मी घरी जाऊन गयासुद्दीनला, म्हणजे नवऱ्याला सांगायचे की माझ्यावाचून या लोकांचं पान हलत नाही. सांगताना कटकट केल्यासारखा आवाज काढायचे. आतून मात्र सुखावलेली असायचे.

मग आकांक्षा आली. चोवीस-पंचवीसची, केसांचा बुचडा पेन्सिलीने अडकवलेला. मला पहिल्या दिवसापासून ‘आपा’ म्हणायला लागली. मीच तिला सगळं दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि तीन आठवड्यांत माझे सगळे प्रश्न मोडीत काढले.

केलं काय, तर तिने एक छोटी फाइल लिहिली. तिचं नाव ‘विचार’, म्हणजे प्रश्न विचार. प्रश्न कसा विचारायचा, उत्तराची वाट कशी बघायची, चुकीचं उत्तर आलं तर काय म्हणायचं, हे सगळं त्या एका फाइलमध्ये एकदाच. मग कुठल्याही प्रोग्रामात वरती एक ओळ लिहून ‘विचार’ला बोलावून घ्यायचं, आणि त्याच्या हातात फक्त प्रश्न द्यायचा. झालं. आणि विचारायची पद्धत? ‘गावाचं नाव काय?’ पतंगांच्या आकड्याच्या जागी अक्षरंच भरली तर, ‘आकडा पाहिजे, नाव नको.’ आकडा फार मोठा असला तर, ‘एवढे पतंग? एकदा परत मोजा बरं.’ होकाराला माझ्याकडे फक्त y चालायचा. तिचं ‘विचार’ हो, होय, हौ, हाँ, सगळं ऐकून घ्यायचं. आणि हाव.

पुण्याच्या पुस्तकांत हाव म्हणजे लोभ. आमच्याकडे हाव म्हणजे होय. हे मला जन्मापासून माहीत होतं. घरात आम्ही उर्दू बोललो तरी बाजारात, शेजारात, बसमध्ये हावच. पण ते संगणकाला शिकवावं हे मला सुचलं नाही, त्या पोट्टीला सुचलं. जळले मी. चांगली जळले.

महिन्याभरात आमच्या सगळ्या प्रोग्रामांत ‘विचार’ जाऊन बसलं. हवामानाच्या प्रोग्रामात तेच, बियाण्यांच्या प्रोग्रामात तेच. आणि माझा फोन वाजेनासा झाला. आधी वाटलं रेंज नाही. मग वाटलं आशाबाई आजारी आहेत. न राहवून मीच फोन लावला.

“काही अडचण, आशाबाई?”

“काहीच नाई वं! आता थे आपल्यावानी बोलते. लय गोड पोट्टी आहे बाप्पा तुमच्याकडची!”

त्या दिवशी घरी मी भाजी परतत होते आणि आकांक्षाचं हे, आकांक्षाचं ते सांगत होते. गयासुद्दीन सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, “तू भी जल रही, भाजी भी जल रही.” भाजी खरंच लागली होती.

हे इतकं मनावर घ्यायचं कारण अकोला. उत्तमराव अकोल्याला नवं केंद्र उघडणार होते, अकोल्याबाजूचे तालुके तिथून चालणार होते. माझं माहेर अकोल्याचं. अम्मी तिथे एकटी. मोतीबिंदू पिकलेला, हात भिंतीला लावून चालते, आणि अमरावतीला ये म्हटलं तर अंगणातलं मोगरीचं झाड कोण पाहील म्हणते. गयासुद्दीनची शिलाई मशीन कुठेही चालते. दोन वर्षांपूर्वी उत्तमराव स्वतः म्हणाले होते, “अकोल्याचं जमलं तर तुम्हीच.” मी अम्मीला सांगूनही टाकलं होतं. अम्मीने तेव्हापासून मागची खोली रिकामी करून ठेवली होती. आणि आता विचारलं की उत्तमराव म्हणायचे, “बघू. आकांक्षाचंही नाव डोक्यात आहे. तिचं ते विचार सगळीकडे चालतंय ना.”

मग मी तिची ती फाइल वाचायला घेतली. एकेक ओळ, मागून पुढे, पुढून मागे. कौतुकाने माणूस वरवर वाचतं, हेव्याने वाचलं की स्वल्पविरामही सुटत नाही. मला एक चूक हवी होती. एक. मिळाली नाही. उलट वाचताना दोन ठिकाणी तोंडातून ‘वा’ निघालं आणि मग स्वतःचाच संताप आला.

दसऱ्यानंतर एका सकाळी फोन वाजला. आशाबाई. अल्लाहशप्पथ, मला भाऊबीजेला भाऊ आल्यासारखं झालं.

“नाजियाबाई, माह्ये सारे आकडे गेले वं! आठ दिवसाचे. कालपासून एकाही गावाले निरोप गेला नाई म्हनून लोकं मले बोलून राहिले.”

“म्हणजे काय केलं तुमी?”

“काहीच नाई केलं. त्यानं इचारलं, म्या हाव म्हनलं.”

मला कळायला वेळ लागला नाही. प्रोग्राम उघडला, पुसण्याचा भाग काढला, आणि समोर प्रश्न: ‘जुन्या नोंदी पुसायच्या नाहीत ना?’ त्याच्या खाली, होकार आला तर पुसून टाक.

आता असा प्रश्न तुम्ही आमच्या बाजूच्या कुठल्याही माणसाला विचारा. पुसायच्या नाहीत ना? तो म्हणेल हाव. म्हणजे बरोबर, नाहीत पुसायच्या. संगणकाने ऐकलं फक्त ‘हाव’, आणि पुसून मोकळा झाला. जी गोष्ट त्या पोरीच्या कौतुकाची, तिनेच घात केला होता. मला इतका आनंद झाला की मी उभी राहिले.

आधी काम केलं, हे सांगते. गावोगावच्या माणसांनी आकडे सापळ्याजवळच्या पाटीवर खडूने मांडलेले होते. मी आणि आकांक्षाने मिळून सगळ्यांना फोन केले, आकडे परत घेतले, संध्याकाळपर्यंत निरोप गेले. दोन गावांत फवारणीला उशीर झाला तो झालाच. मग मी उत्तमरावांना बोलावलं, आकांक्षाला समोर बसवलं, आणि आशाबाईंना फोन लावून स्पीकर चालू केला.

“आशाबाई, तुमी आज जेवल्या नाई ना?”

“हाव.”

“म्हन्जे जेवल्या?”

“काय डोकं फिरलं का वं बाई? नाई जेवली, म्हनून त हाव म्हनलं!”

उत्तमराव आधी हसले. मग पडद्यावरचा प्रश्न वाचला आणि हसणं बंद झालं. मी आकांक्षाकडे पाहिलं. खरं तर तिच्याकडेच पाहत होते. ती प्रश्न वाचत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, तोंड उघडलं, परत मिटलं.

“चूक माझी आहे, सर,” ती म्हणाली. “मी तपासायला पाहिजे होतं.”

उत्तमरावांनी चष्मा काढून पुसला. ती खाली गेल्यावर म्हणाले, “नाजियाबाई, अकोल्याला अनुभवी माणूसच पाहिजे. तुम्हीच जा. आता काही शंका नाही ना?”

“हाव,” मी म्हटलं.

घरी जाताना राजापेठेच्या चौकात मी पावशेर जिलबी घेतली. अम्मीला फोन केला, ती रडली. गयासुद्दीनने मशीन बांधायला जुनी चादर शोधून ठेवली. आणि मला वाटलं, संपलं. आता त्या पोरीचं माझ्याकडे काही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आशाबाईंनी अभिनंदन करायला फोन केला.

“अकोल्याले जाऊन राहिल्या म्हने! चांगलं झालं. पन बाई, एक सांगू? त्या पोट्टीले लय बोलू नका. प्रश्न त तुमचाच व्हता.”

“कोणता प्रश्न?”

“अवं थोच, पुसापुशीचा. पयलेपासूनच थो तसाच इचारे, नाईत ना, नाईत ना करून. मले कधी समजलाच नाई, म्हनून त मी तुमाले फोन करो. तुमी म्हना, n दाबा. आता तुमाले कायले तरास द्या म्हनून म्याच वाचला. आपल्या भाषेत त हाये, म्हनलं, हाव.”

त्यांनी फोन ठेवला तरी मी माझा कानाला धरून होते. आठवलं. आधी तो प्रश्न नुसता ‘नोंदी पुसायच्या का?’ असा होता. मग चांदूरच्या केंद्रावर कोणी तरी न वाचता y दाबलं, सगळं पुसलं गेलं, आणि मी चिडून प्रश्नाला शेपूट लावलं: ‘पुसायच्या नाहीत ना?’ मास्तरीण पोरांना दरडावते ना, तसं. वरचं वाक्य फिरवलं, खालचं काम तसंच ठेवलं. इतकी वर्षं कोणाचे आकडे गेले नाहीत, कारण कोणाला प्रश्न कळतच नव्हता. न कळून सगळे मला फोन करत होते. माझ्यावाचून पान हलत नव्हतं ते यामुळे.

आकांक्षा खालच्या टपरीवर चहा घेत होती. बाजूच्या कॅफेसमोर कर्जमाफीच्या अर्जांची रांग रस्त्यापर्यंत आली होती. तिला त्या गर्दीतून बाजूला ओढून मी विचारलं, “तो प्रश्न माझा होता. तुला माहीत होतं?”

“हो, आपा.”

“मग काल बोलली काहून नाहीस?”

“काय बोलणार?” तिने कप खाली ठेवला. “बाकी सगळे प्रश्न बदलताना मी प्रत्येक ओळ तपासली. माझीसुद्धा. तो एक आधीच साध्या भाषेत होता, म्हणून तुमचा जसाच्या तसा ठेवला. तुमचा आहे म्हणून तपासला नाही. ही चूक माझीच ना?”

मला तिच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं. तिची प्रत्येक ओळ मी चाळणीतून काढली होती, आणि हिने माझी एक ओळ डोळे मिटून घेतली. बरं, भांडली असती, रडली असती, उत्तमरावांकडे चुगली केली असती, तर मी तिला पुरून उरले असते. गप्प बसण्यातही ही पोरगी माझ्या वरचढ निघाली. आता मला तिच्या गप्प बसण्याचाही हेवा वाटायला लागला.

वर गेले. उत्तमरावांनी नेमणुकीचा कागद छापून ठेवला होता, सहीसाठी पेनचं टोपण काढलं होतं.

“नाजियाबाई, सही करतो मग. काही शंका नाही ना?”

हाव म्हणायला तोंड उघडलंही होतं. जिभेला ती सवयच. मागची खोली डोळ्यांसमोर आली, भिंतीला हात लावून चालणारी अम्मी आली.

“आहे,” मी म्हटलं. “शंका आहे. तो प्रश्न माझा होता, साहेब. तिच्या आधीपासूनचा. चूक माझी, तिची नाही.”

उत्तमरावांनी टोपण परत लावलं. मी सगळं सांगितलं, शेपूट कसं लावलं तेही. ते म्हणाले, “मग अकोल्याला कोणाला पाठवू?”

हे माझ्या तोंडून वदवून घ्यायची काही गरज होती का? पण विचारलं त्यांनी.

“तिला पाठवा. तिचं विचार चांगलं आहे.” बोलताना जीभ भाजली माझी.

अम्मीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती म्हणाली, “कोई बात नहीं, मोगरी तो है.” फोन ठेवून मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. हेही सांगते, रडताना मी स्वतःला शिव्या घातल्या. सत्य बोलल्याचं समाधान वगैरे म्हणतात, ते मला अजून भेटलेलं नाही.

आकांक्षाने जाण्याआधी ‘विचार’मध्ये एक गोष्ट वाढवली. प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रश्नाच्या शेवटी ‘नाही ना’ किंवा ‘नाहीत ना’ लिहिलं, तर ‘विचार’ तो प्रश्न घेतच नाही. पडद्यावर येतं, ‘सरळ विचारा.’ मला आधी दाखवलं. म्हणाली, आपा, तुम्ही तपासा. मी दोन दिवस तपासलं. एका ठिकाणी चूक होती. तिने दुरुस्त केली आणि इतकी हसली की मलाही बरं वाटलं, थोडंसं.

ती निघाली त्या दिवशी मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेले. उत्तमराव म्हणाले म्हणून नव्हे. अम्मीसाठी औषधाचे थेंब द्यायचे होते. आकांक्षाने आपण होऊन सांगितलं होतं, खोली मिळेपर्यंत मी अम्मींकडेच राहते, मागची खोली रिकामी आहे ना. म्हणजे माझी खोलीही तिलाच. अम्मीने तिच्यासाठी खिचडा करायचं ठरवलं होतं, हे मला अम्मीनेच आनंदाने फोनवर कळवलं.

अकोल्याची गाडी लागली. तिने बॅग वर टाकली, खिडकीशी बसली, थेंबांची डबी पर्समध्ये नीट ठेवली. गाडी सुरू झाली तेव्हा तिने खिडकीतून वाकून माझा हात धरला. डोळे भरलेले. ‘सरळ विचारा’ हा नियम तिनेच केला, पण बोलताना तिलाही तो पाळता आला नाही.

“आपा, तुम्ही माझ्यावर जळत नाही ना?”

“हाव,” मी म्हटलं.

तिने ते माणसासारखं ऐकलं, आणि हसत हात सोडला. संगणकाने ऐकलं असतं, तर त्याचंही काही चुकलं नसतं.